सायकलीबरोबर कुत्रा नेताना : साधनांची निवड



गेल्या पावसाळ्यात आपल्या शाळेतील नववीचा एक विद्यार्थी सायकलवरून पडला. त्याचे मनगट मोडले व सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये राहिला. त्याच्या कुत्र्याचा पुढचा पाय चाकाखाली सापडला. तो कुत्रा आजही थोडा लंगडतो. कुत्रा नायलॉनच्या दोरीने सायकलच्या हँडलला बांधलेला होता. रस्त्याकडेला शेळ्या दिसल्या, कुत्रा एकदम थबकला आणि पुढचे सारे दोन क्षणांत घडून गेले.

या घटनेतील माझा वाटाही मी येथे सांगतो. रोज सकाळी मी फाटकात उभा असतो. या मुलाला कुत्रा हँडलला बांधून येताना मी कितीतरी वेळा पाहिले होते. एकदा तर "वा! छान जोडी आहे तुमची" असेही म्हणालो होतो. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला त्या दोरीकडे बघून धोका कळायला हवा होता. मला तो कळला नाही.

प्लास्टर निघाल्यावर मुलगा शाळेत आला व त्याने मला विचारले, "सर, चूक दोरीची होती का माझी?" त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून हा पाठ लिहीत आहे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. ठेच लागली ती लागली, निदान मागचे तरी शहाणे व्हावेत.

आपल्याकडे हा विषय का?

मंठाळच्या आसपासच्या वाड्या-तांड्यांवरून आपली बरीच मुले सायकलने येतात. आपल्या राज्यात २००६-०७ मध्ये आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी सायकल योजना सुरू झाली व घराघरात सायकल पोचली. करोनाच्या काळात ते वाटप थांबले, पण सायकल घरात राहिली. थोरल्या बहिणीची सायकल आता धाकटा भाऊ चालवतो. आणि शेतावरच्या घरी कुत्रा असतोच. मुलगा निघाला की कुत्राही मागे निघतो.

त्यात आपल्या भागात कारवानी जातीच्या कुत्र्यांचे वेड फार. यालाच मुधोळ हाउंड म्हणतात. बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ हे घोरपडे घराण्याचे मराठा संस्थान. तेथील राजांनी या जातीची जोपासना केली, म्हणून संस्थानाचे नाव कुत्र्याला मिळाले. २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर तिकिटे काढली, त्यांत हा कुत्रा होता. आपल्या बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्रही मुधोळजवळ तिम्मापूर येथे आहे. असा उंच, सडपातळ, पळणारा कुत्रा दारात असला की त्याला सायकलबरोबर पळवावे असे कोणत्या मुलाला वाटणार नाही? वाटण्यात गैर नाही. मात्र हौसेला योग्य साधनाची जोड हवी.

१. दोरी हँडलला का बांधू नये?

दोन कारणे आहेत. दोन्ही तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातील आहेत.

पहिले कारण : हँडल हे फिरण्यासाठीच केलेले असते. त्याचे टोक मधल्या दांड्यापासून सुमारे २५ सेंटिमीटर लांब असते. कुत्रा डावीकडे आहे आणि तो थांबला, तर दोरी हँडलचे डावे टोक मागे ओढते. मग पुढचे चाक कोणीकडे वळेल? डावीकडे, म्हणजे कुत्र्याच्याच अंगावर! आमचा विद्यार्थी नेमका असाच पडला.

दुसरे कारण : हँडल जमिनीपासून सुमारे १ मीटर उंच असते. कुत्र्याने बाजूला १०० न्यूटन बलाने, म्हणजे साधारण १० किलो वजनाइतक्या जोराने, ओढले असे समजू. सायकल आडवी पाडणारा परिणाम = बल × उंची = १०० × १ = १०० न्यूटन-मीटर. तीच ओढ जमिनीपासून ४० सेंटिमीटरवर बसली तर १०० × ०.४ = ४० न्यूटन-मीटर. कुत्रा तोच, जोर तोच, पण पाडण्याची ताकद निम्म्याहून कमी झाली. मी हिंदी माध्यमातून पदवी घेतली. आम्ही याला 'बलाघूर्ण' म्हणत असू. तुम्ही 'बलाचा फिरवण्याचा परिणाम' म्हणा, अर्थ एकच.

म्हणून पहिला नियम : कुत्र्याची ओढ सायकलच्या मधल्या भागावर, सीटखालच्या नळीवर, आणि जितकी खाली घेता येईल तितकी खाली यावी. हँडल, पुढचा चिमटा व कॅरिअरचे टोक या जागा वर्ज्य समजाव्यात. दोरी मनगटाला गुंडाळणे तर त्याहून वाईट. हँडलवरून माणूस निदान दूर पडेल, मनगटाला गुंडाळलेली दोरी त्याला फरफटत नेते.

२. दोरी की दांडा?

आता कोणी म्हणेल, दोरी सीटखाली बांधली म्हणजे झाले ना? नाही झाले. दोरी ओढू शकते, पण दूर ठेवू शकत नाही. ढिली झाली की ती चाकाच्या तारांत जाते, पायडलला गुंडाळते किंवा कुत्रा पुढच्या चाकासमोरून पलीकडे जातो.

यासाठी परदेशात सायकलीच्या सीटखाली बसवायचे खास दांडे मिळतात. एक टोक सीटच्या नळीला पक्के आवळायचे. दुसरे टोक बाजूला बाहेर येते आणि तेथून आखूड पट्टा कुत्र्याच्या अंगावरील पट्ट्याला जोडतात. दांडा ताठ असल्याने कुत्रा चाकापासून दूर राहतो. दांड्यात किंवा त्याच्या बुडाशी मजबूत स्प्रिंग असते. ती कशासाठी, हे गणिताने पाहू.

२० किलोचा कुत्रा सेकंदाला ४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४ किलोमीटर वेगाने चालला आहे. तो एकदम थांबला. साधी दोरी ताणून ०.१ सेकंदात धक्का बसला, तर बल = २० × ४ ÷ ०.१ = ८०० न्यूटन. हे सुमारे ८० किलो वजनाइतके झाले. मध्ये स्प्रिंग असल्याने तोच धक्का ०.४ सेकंदात पसरला, तर २० × ४ ÷ ०.४ = २०० न्यूटन. स्प्रिंग धक्का नाहीसा करत नाही, तो वेळेत वाटून देते. बैलगाडीपेक्षा एसटीत धक्के कमी का बसतात, याचेही उत्तर हेच.

असा दांडा घेताना चार गोष्टी पाहाव्यात :

(अ) नळीवर आवळल्यावर तो हाताने फिरत नाही ना? आपल्या साध्या सायकलींना ब्रेकच्या दांड्या किंवा वायर असतात, त्यांवर तो बसता कामा नये.

(आ) पट्टा इतका आखूड असावा, की कुत्र्याला पुढच्या चाकासमोर किंवा मागच्या चाकामागे जाताच येऊ नये.

(इ) कुत्रा खांबाच्या पलीकडून गेला किंवा अडकला तर जोडणी झटकन सोडता यावी. काही दांड्यांत जास्त ताण आला की आपोआप सुटणारी कडी असते. ती असलेला दांडा अधिक चांगला.

(ई) तो सायकलच्या डाव्या बाजूला बसतो का?

गावच्या वेल्डरकडून लोखंडी सळई वाकवून घ्यावी, असा विचार काहींच्या मनात येईल. कृपया तसे करू नये. स्प्रिंग नसलेली सळई धक्का जसाच्या तसा सायकलला देते आणि पडल्यावर तिचे टोक पोटात घुसू शकते. योग्य दांडा मिळत नसेल किंवा परवडत नसेल तर कुत्रा बांधू नये, हाच सरळ मार्ग आहे. सायकल हातात धरून कुत्र्याबरोबर पायी चालावे. त्याला खर्च नाही व त्यात कमीपणाही नाही.

३. डावी बाजू का?

परदेशी चित्रांत कुत्रा बहुधा सायकलच्या उजव्या हाताला दिसतो. ते बघून तसाच दांडा बसवू नका. त्या देशांत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. आपण डाव्या बाजूने चालतो, म्हणून आपल्याकडे कुत्रा डावीकडे, रस्त्याच्या कडेला हवा. तो उजवीकडे ठेवला तर ट्रक, टमटम आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या त्याच्या अंगाला घासून जातील. शिवाय चेन उजवीकडे असते, शेपूट वा पट्टा तीत अडकू शकतो.

डाव्या बाजूचा आणखी एक फायदा आपल्या सायकलीत आधीच आहे. अनेक सायकलींच्या मागच्या चाकाला डावीकडे साडी अडकू नये म्हणून जाळी असते. मुले ती 'बायकी' म्हणून काढून टाकतात. काढू नका. आईच्या साडीसाठी केलेली ती जाळी कुत्र्याच्या पायालाही तारांपासून वाचवते.

एक अडचण मात्र लक्षात घ्या. आपण सायकलवर डावीकडूनच चढतो आणि बहुतेक सायकलींचा बाजूचा स्टँडही डावीकडेच असतो. म्हणून आधी सायकलवर बसावे, दोन्ही पाय जमिनीला टेकवावेत आणि मग कुत्रा जोडावा. उतरताना उलटा क्रम : थांबावे, कुत्रा सोडावा, दोरी हातात घ्यावी आणि मग उतरावे. ज्याचे पाय सीटवरून जमिनीला टेकत नाहीत, त्याच्यासाठी ही सायकल अजून मोठी आहे.

४. गळ्यात पट्टा की छातीला?

गळ्यातला पट्टा ओळखीसाठी ठीक आहे. ओढ मात्र गळ्यावर येता कामा नये. तेथे श्वासनलिका असते. धावणाऱ्या प्राण्याला श्वास सर्वांत जास्त लागतो आणि आपण नेमका तोच आवळतो. साखळी व सरकफासाचा पट्टा तर सायकलबरोबर कधीच वापरू नये.

कारवानी कुत्र्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. त्याचे डोके निमुळते व मान डोक्याइतकीच रुंद असते. साधा पट्टा मागे ओढताच कानावरून निसटतो व कुत्रा भर रस्त्यात मोकळा होतो.

यावर उपाय म्हणजे छातीचा पट्टा. बाजारात याला हार्नेस म्हणतात. बैलाची ओढ मानेच्या व खांद्याच्या रुंद भागावर येते, गळ्यावर येत नाही, तेच तत्त्व येथे आहे. निवडताना पाहावे : पुढून दोन्ही खांदे मोकळे राहावेत, काखेत पट्टा घासू नये, पट्ट्याखाली दोन बोटे जावीत. अंगावर घालून कुत्र्याला घरीच चार दिवस वावरू द्यावे. नंतर केस गेलेले किंवा कातडी लाल झालेली दिसली तर माप चुकले असे समजावे.

५. सायकल आणि स्वार

कुत्रा जोडण्यापूर्वी सायकल तपासावी. दोन्ही ब्रेक लागतात का, सीट हलते का, घंटी वाजते का, चाकात हवा आहे का. दप्तर किंवा पिशवी हँडलला अडकवू नये. पहाटे किंवा सांजवेळी जायचे असेल तर सायकलच्या मागे लाल रिफ्लेक्टर आणि कुत्र्याच्या पट्ट्यावरही चकाकणारी पट्टी हवी. वाहनचालकाला सायकल दिसते, गुडघ्याएवढा कुत्रा दिसत नाही. स्वाराच्या डोक्यावर हेल्मेट असावे. मनगट सहा आठवड्यांत जुळले, डोक्याचे तसे नाही.

आणि एक सोपी परीक्षा : चालताना जो कुत्रा तुम्हाला एका हाताने आवरत नाही, तो सायकलवर मुळीच आवरणार नाही.

६. कुत्र्याची तयारी व आपले ऊन

वर्ष-सव्वा वर्षाच्या आतील पिल्लाला सायकलबरोबर पळवू नये. त्याची हाडे अजून वाढत असतात. मोठ्या जातीचा कुत्रा दीड वर्षाचा होऊ द्यावा. म्हातारा, लंगडणारा, गाभण किंवा धापा टाकणारा कुत्रा घरीच बरा.

आधी उभ्या सायकलशेजारी कुत्रा उभा करावा, मग सायकल हातात धरून चालवावी, मग मोकळ्या मैदानात बसून चालवावी. 'थांब', 'हळू' आणि 'चल' हे तीन शब्द कळल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नये. वेग कुत्र्याच्या दुडक्या चालीचा असावा. तो उड्या घेत पळू लागला तर वेग जास्त झाला. कारवानी कुत्रा सशामागे वाऱ्यासारखा धावतो खरा, पण तो थोड्या अंतरासाठी. मैलोगणती एकाच वेगाने पळणे ही वेगळी गोष्ट आहे, ती सवयीने येते.

जर्मनीत शेफर्ड कुत्र्यांची सायकलबरोबर चालण्याची परीक्षा असते. अंतर २० किलोमीटर, वेग ताशी १२ ते १५ किलोमीटर. ८ किलोमीटरनंतर १५ मिनिटे व १५ किलोमीटरनंतर २० मिनिटे विश्रांती सक्तीची. हे थंड देशातील, तयार केलेल्या कुत्र्यांसाठी आहे. आपण अर्ध्या किलोमीटरने सुरुवात करावी आणि दोन-तीन किलोमीटरवर समाधान मानावे.

कारण आपले ऊन. आपल्याला अंगभर घाम येतो व शरीर थंड होते. कुत्र्याला घाम फक्त पंजांच्या तळव्यांना येतो. तो जिभेवाटे, धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर टाकतो. त्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. ते ४१ च्या वर गेले तर जिवावर बेतते. म्हणून उन्हाळ्यात सूर्य वर येण्यापूर्वीच फेरी संपवावी. डांबरी रस्त्यावर पालथा हात ठेवून सात आकडे मोजावेत. हात ठेववत नसेल तर कुत्र्याचे पायही तेथे ठेववणार नाहीत. मग शिवारातील मातीची वाट धरावी. पाण्याची बाटली व एक नारळाची करवंटी बरोबर घ्यावी. दर थोड्या वेळाने थांबून थोडे थोडे पाणी पाजावे.

जीभ फार लांब बाहेर आली, हिरड्या गडद लाल झाल्या, चाल डगमगू लागली तर तेथेच थांबावे. सावलीत नेऊन अंगावर साधे पाणी ओतावे, वारा घालावा. आधी थंड करावे, मग पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे.

कुत्र्याला रेबीजची लस दिलेली असावी व दरवर्षी पुन्हा द्यावी. रस्त्यात दुसऱ्या गल्लीतील कुत्री अंगावर येतात, भांडण सोडवताना माणसालाच चावा बसतो. तसे झाल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. चुना, हळद, तिखट काहीही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी व सर्व डोस पूर्ण करावेत.

पालक व विश्वस्तांसाठी

अपघातानंतर विश्वस्तांच्या बैठकीत सूचना आली की कुत्रे व सायकल या विषयावर सरसकट बंदी घालावी. मंडळींची काळजी मला समजते. पण बंदी फाटकापाशी चालते, शिवारात चालत नाही. मुले तेथे हँडललाच दोरी बांधतील आणि आपल्याला दिसणारही नाही. म्हणून मी दोन भाग सुचवले व ते मान्य झाले.

एक : शाळेच्या वाटेवर कुत्रा आणायचा नाही. याचे कारण केवळ रहदारी नव्हे. मूल वर्गात बसते, कुत्रा दिवसभर फाटकाबाहेर बांधलेला राहतो, ना पाणी ना सावली. आखूड वा जड साखळीने जनावराला अवाजवी वेळ बांधून ठेवणे हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे. पालकांनी मूल निघण्यापूर्वी कुत्रा घरी अडवावा. मोकळा कुत्रा मागे येत असेल तर त्याला मोठ्या रस्त्यावर येऊ न देता परत पाठवावे.

दोन : रविवारच्या सकाळी, मोठ्या माणसाच्या देखरेखीत, वरील साधनांसह कोणाला न्यायचे असेल तर शाळा त्याला शिकवील. आपल्या मैदानावर सायकल तपासून देण्याचे काम विज्ञान मंडळाने अंगावर घेतले आहे.

करून पाहा

(१) मित्राला सायकल सरळ धरायला सांगा. ताणकाट्याने हँडलचे डावे टोक २० न्यूटन बलाने मागे ओढा. पुढचे चाक कोणीकडे वळते? आता तितक्याच बलाने सीटखालची नळी ओढा. फरक लिहा.

(२) लहान दगड शिवणाच्या दोऱ्याला बांधून वीतभर उंचीवरून सोडा. दोरा तुटला का? आता मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबची बारीक पट्टी बांधून पुन्हा करा. पाय दूर ठेवा. कारण सांगा.

(३) घरच्या सायकलला साडीची जाळी आहे का? नसेल तर कोणी व का काढली, ते विचारा.

(४) आपल्या कुत्र्याच्या लसीची तारीख पालकांना विचारून वहीत लिहा.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे. बाळ, दोरी वाईट नव्हती, तूही वाईट नाहीस. चूक दोरीच्या जागेची होती. आणि ती जागा रोज बघूनही गप्प राहिलेल्या मोठ्या माणसांची होती. त्यांतला पहिला मी. तुझा कुत्रा आता थोडा लंगडतो, म्हणून त्याला सायकलबरोबर नेऊ नकोस. त्याच्याबरोबर पायी चाल. त्याला पुढे राहू दे, तू मागून चाल.

आपला,
मुख्याध्यापक